'पटले नाही' : विज्ञानपट, दूरचित्रवाणी-मालिका आणि रसविघ्नविचार

१

चित्रपट संपून दिवे लागतात न लागतात तोच प्रेक्षकाचा निकाल तयार झालेला असतो. 'पटले नाही', 'फार ताणले', 'शेवट बिघडविला', 'काय झाले तेच कळले नाही', 'बरे होते, एकदा पाहावयास हरकत नाही' अशा मोजक्या शब्दांत तो दिला जातो आणि त्याची कारणे सहसा कोणी विचारीत नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या बाबतीत हा निकाल भागागणिक बदलत जातो. काल रात्री जिची स्तुती झाली तीच मालिका आज चहाच्या वेळी टाकाऊ ठरते. साहित्यसमीक्षेच्या विद्यापीठीय परंपरेने अशा अभिप्रायांची दखल फारशी घेतलेली नाही. ते सकारण नसतात, व्यक्तिपरत्वे बदलतात आणि कलाकृतीपेक्षा पाहणाऱ्याच्या तात्कालिक मनःस्थितीचीच माहिती अधिक देतात, असे तीन आक्षेप त्यांच्याविरुद्ध घेण्यात येतात. तीनही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु त्यावरून असे अभिप्राय समीक्षेस सर्वथा निरुपयोगी होत, हा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

भरताने तो काढलेला नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना त्याने प्रेक्षकाचे स्मित, त्याचे मोठ्याने हसणे, त्याच्या तोंडून निघणारे साधुवाद व विस्मयाचे किंवा हळहळीचे उद्गार, त्याच्या अंगावर उठणारे रोमांच या सर्वांची गणना सिद्धीच्या लक्षणांत केली आहे. त्याच अध्यायात प्रयोगातील दोषांची, म्हणजे घातांची, नोंद करणाऱ्या प्राश्निकांचेही वर्णन आहे. म्हणजे उत्स्फूर्त उद्गार आणि जाणकाराचे परीक्षण या दोहोंना भरताने एकाच प्रकरणात जागा दिली. त्यांच्यातील संबंध कोणता, हा प्रश्न मात्र पुढील विचारवंतांसाठी उरला. त्याचे सर्वांत उपयुक्त उत्तर अभिनवगुप्ताच्या रसविघ्नविचारात सापडते, आणि ज्या कलाप्रकारांची त्याला कल्पनाही असणे शक्य नव्हते त्या विज्ञानपटांच्या व मालिकांच्या बाबतीतही ते उत्तर कामास येते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

दहाव्या-अकराव्या शतकांतील या काश्मीरी आचार्याने 'अभिनवभारती'मध्ये रसास्वादाचे स्वरूप सांगताना ती निर्विघ्न प्रतीती होय, असे म्हटले आहे. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्र' (१९५८) आणि र. पं. कंगले यांच्या 'रसभावविचार' (१९७३) या ग्रंथांमुळे हा विचार मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. परंतु बहुधा साधारणीकरणाच्या चर्चेतच त्याचा उल्लेख होतो आणि विघ्नांची यादी परीक्षेपुरती पाठ केली जाते. ती सात विघ्ने अशी: संभावनाविरह, म्हणजे वर्ण्य विषय संभाव्यच न वाटणे, स्वतःच्या किंवा परक्याच्या विशिष्ट देशकालात मन अडकून पडणे, प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखाने विवश झालेला असणे, प्रतीतीच्या साधनांची विकलता, स्फुटतेचा अभाव, अप्रधानता, म्हणजे जे मुख्य नव्हे त्याच्याकडेच मन वळविले जाणे, आणि संशययोग.

ही यादी प्रेक्षकाच्या नित्याच्या तक्रारींपुढे ठेवली म्हणजे दोहोंतील साम्य सहज नजरेत भरते. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या अंतिम पर्वातील रात्रीच्या लढाईचा भाग दाखविला गेला, तेव्हा पडद्यावर काळोखापलीकडे काही दिसतच नाही, अशी जगभर ओरड झाली. क्रिस्टोफर नोलन यांच्या 'टेनेट' (२०२०) या चित्रपटातील संवाद पार्श्वध्वनीत बुडून जातात, अशीही तक्रार झाली. दोन्ही ठिकाणी प्रतीतीची साधनेच विकल झाली होती; चौथ्या विघ्नाची याहून सरळ उदाहरणे शोधावयास नकोत. 'चेर्नोबिल' (२०१९) या पाच भागांच्या मालिकेत सोव्हिएत शास्त्रज्ञ व अधिकारी ब्रिटिश धाटणीचे इंग्रजी बोलतात, हे अनेकांस प्रथम खटकले. हे दुसऱ्या विघ्नाचे उदाहरण होय. नटाचा स्वतःचा देश पात्राच्या देशाआड येतो. यावर अभिनवगुप्ताने पूर्वरंग, प्रस्तावना आणि नटाचे स्वरूप झाकणारी वेषभूषा हे उपाय सांगितले आहेत. मालिकेच्या कर्त्यांनी निराळा उपाय योजिला. नटांनी रशियन उच्चारांची नक्कल करू नये, असे त्यांनी ठरविले; कारण नक्कल केली असती तर लक्ष पात्राकडून नक्कलेकडे गेले असते. पहिल्या भागातच बहुतेकांचे खटकणे थांबले, यावरून उपाय लागू पडला असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसऱ्या विघ्नाच्या बाबतीत काळाने मोठाच फरक केला आहे. स्वतःच्या चिंतेने ग्रासलेल्या प्रेक्षकाचे मन वळविण्यासाठी अभिनवगुप्त गीत, वाद्ये आणि शोभिवंत नाट्यमंडप यांच्याकडे बोट दाखवितो. घरी, पलंगावर पडून, हातातील फोन खाली-वर करीत मालिका पाहणाऱ्यास मंडपच नसतो. 'काही तरी कंटाळवाणे होते' या अभिप्रायापैकी किती भाग मालिकेच्या वाट्याचा आणि किती मंडपाच्या अभावाचा, हे त्या प्रेक्षकालाही सांगता यावयाचे नाही.

एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सहज दिलेला अभिप्राय हे बहुधा विघ्नाचे निवेदन असते. कोठे तरी अडले, हे तो खरेपणाने सांगतो. काय अडले, हे सांगताना मात्र तो वारंवार चुकतो. रोग्याच्या तोंडून वेदना समजते, निदान वैद्यालाच करावे लागते. रोग्याचे म्हणणे न ऐकता निदान करणारा वैद्य आणि त्याचे म्हणणे हेच निदान समजणारा वैद्य हे दोघेही सारखेच घातक होत.

३

विज्ञानपटांच्या संबंधात ही चूक विशेषेकरून पहिल्या विघ्नाविषयी होते. 'पटले नाही' या शब्दांचा अर्थ येथे सामान्यतः 'विज्ञान चुकले आहे' असा घेतला जातो. प्रेक्षक स्वतः तसा घेतो, आणि जाणकार शास्त्रज्ञही चुकांची यादी करून त्याला दुजोरा देतात. वस्तुतः संभाव्यता आणि सत्यता या भिन्न गोष्टी होत. अॅरिस्टॉटलने शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण पटणारी घटना कवीने पत्करावी, असे मत दिले ते याच भेदावर विसंबून. पण अशक्य गोष्ट पटते ती कशाच्या बळावर, याचा खुलासा त्याच्यापेक्षा अभिनवगुप्ताकडे अधिक नेमका मिळतो.

अभिनवगुप्ताचे म्हणणे थोडक्यात असे. वर्ण्य विषय लोकसामान्य असेल तर प्रेक्षकाचा हृदयसंवाद आपोआप होतो. परंतु असामान्य, अलौकिक पराक्रम दाखवावयाचा असेल तर तो रामासारख्या ज्याच्याविषयीची श्रद्धा अखंड प्रसिद्धीने मनात खोल रुजली आहे अशा नायकाच्याच नावावर दाखवावा. सामान्य माणसाने समुद्र ओलांडला असे सांगितले तर प्रेक्षक तेथेच थांबेल. रामाच्या बाबतीत तो थांबत नाही. नाटकाची वस्तू प्रख्यात असावी, या नियमामागचे एक कारण हेच. प्रसिद्धी ही नाटककाराच्या हाती आलेली विश्वासाची पुंजी असते. ती त्याने कमावलेली नसते, परंपरेने त्याच्या स्वाधीन केलेली असते.

विज्ञानपटाला राम नाही. त्याचे नायक बहुधा अनाम वैमानिक, शास्त्रज्ञ, भाषातज्ज्ञ असतात. त्यांची घटना मात्र समुद्रोल्लंघनाहूनही अलौकिक असते. मग विश्वास कोठून येतो? येथे प्रसिद्धीचे स्थान विज्ञानाच्या नियमाने घेतलेले असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. सापेक्षता, कृष्णविवर, गुरुत्वाकर्षण ही आजच्या प्रेक्षकाची प्रख्यात वस्तू होय. त्याने त्यांची गणिते सोडविलेली नसतात. रामकथाही पुष्कळांनी मूळ संहितेत वाचलेली नसते. पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे, व्याख्याने, कथा यांच्याद्वारे ती मनात उतरलेली असते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्या कथेचे नाव 'कृष्णविवर' हेच होते. अर्धशतकापूर्वीच्या अशा लेखनामुळेच आज पडद्यावर कृष्णविवर दिसले तर मराठी प्रेक्षकाला ते उपरे वाटत नाही. प्रसिद्धी अशी पिढ्यांच्या श्रमाने तयार होते, आणि चित्रपटकर्ता तिचा वारसदार असतो.

ही उपपत्ती मान्य केली तर दोन उपसिद्धांत निघतात. एक, वैज्ञानिक चूक ही प्रसिद्धीला धक्का देईल तेव्हाच विघ्न ठरेल; केवळ तज्ज्ञालाच कळणारी चूक रसाच्या आड येणार नाही. दोन, प्रसिद्धी फक्त दार उघडते. आत रस आहे की नाही हे विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगावर अवलंबून राहील. पुढील तीन चित्रपटांच्या साहाय्याने हे तपासता येईल.

४

अल्फोन्सो क्वारोन यांच्या 'ग्रॅव्हिटी' (२०१३) या चित्रपटाविषयी खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी काही उणिवा जाहीरपणे दाखविल्या. नायिकेचे केस भारहीन अवस्थेत तरंगत नाहीत, ही एक. हबल दुर्बीण आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक एकमेकांच्या दृष्टिपथात दाखविली आहेत, ही दुसरी. ही दुसरी चूक लहान नव्हे. हबल पृथ्वीपासून सुमारे ५४० किलोमीटरवर आणि विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंशांचा कोन करून फिरते. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर असून त्याच्या कक्षेचा कोन ५१.६ अंशांचा आहे. एका कक्षेतून दुसरीत जाणे हे अंतराळवीराच्या पाठीवरील यंत्राच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. असे असूनही सर्वसामान्य प्रेक्षकाच्या तोंडून 'पटले नाही' हा उद्गार या कारणासाठी क्वचितच निघाला. अवकाशात हवा नाही, आवाज नाही, सुटलेली वस्तू सुटलेलीच राहते, हा नियमाचा प्रख्यात भाग चित्रपटाने सांभाळला होता आणि एकाकी स्त्रीचे भय त्याच नियमातून उद्भवत होते. कक्षेचा कोन प्रख्यात नाही. म्हणून त्याविषयीची चूक विघ्न झाली नाही. ती चूक नव्हे असा याचा अर्थ नाही. ती रसदोष नव्हे एवढाच अर्थ आहे.

नोलन यांचाच 'इंटरस्टेलर' (२०१४) अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात एकाच कृतीत यश व अपयश दोन्ही दिसतात. त्याचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना पुढे २०१७ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. चित्रपटातील कृष्णविवराचे दृश्य समीकरणांवरून तयार केले गेले आणि त्या कामावर २०१५ साली शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. कथेत कृष्णविवराजवळच्या एका जलमय ग्रहावर घालविलेला एक तास पृथ्वीवरील सात वर्षांइतका असतो. नायक तेथून यानावर परततो तेव्हा तेवीस वर्षे उलटून गेलेली असतात, आणि मुलांनी पाठविलेले इतक्या वर्षांचे निरोप तो एकापाठोपाठ एक पाहतो. मुलगा डोळ्यांदेखत प्रौढ होतो, मुलगी बापाच्या वयाची होते. या प्रसंगी कोणी काही समजावून सांगत नाही. नियम आधीच सांगून झालेला आहे. आता फक्त एक चेहरा आहे आणि त्यावर ओघळणारी आसवे आहेत. ज्यांना सापेक्षतेचे एक अक्षर माहीत नाही तेही येथे गहिवरतात. येथे वैज्ञानिक नियम हाच विभाव झाला आहे आणि शोक हा स्थायी.

याच चित्रपटाच्या अखेरीस नायक कृष्णविवरात पडतो आणि आपल्या मुलीच्या खोलीतील पुस्तकांच्या फडताळामागे, काळ जेथे जागेप्रमाणे पसरलेला आहे अशा एका रचनेत, जाऊन पोहोचतो. 'शेवट पटला नाही' हा अभिप्राय प्रामुख्याने या प्रसंगाविषयी ऐकू येतो, आणि कृष्णविवरात असे काही असू शकत नाही असे त्याचे कारण देण्यात येते. हे निदान टिकणारे नाही. कृष्णविवराच्या अंतर्भागात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तेथे प्रसिद्धीला धक्का बसण्याचा संभवच कमी. शिवाय फडताळातून पडणारी पुस्तके चित्रपटाच्या प्रारंभीच दाखविली असल्यामुळे घटना अनपेक्षित असली तरी निराधार नाही. विघ्न अन्यत्र आहे. या प्रसंगात नायक आणि त्याचा यंत्रमानव आपण कोठे आहोत, ही रचना कोणी केली, प्रेमाचा येथे काय उपयोग, हे सर्व संवादांतून उलगडून सांगत राहतात. प्रेक्षक जे अनुभवणार ते त्याला अनुमानाने जाणून घ्यावे लागते. रस हा अनुमितीचा विषय नव्हे, हे शंकुकाच्या मताचे खंडन करताना अभिनवगुप्ताने सांगितले आहेच. पाचवे विघ्न तो मानतो तेही यासाठीच, की शब्दाने किंवा अनुमानाने झालेले ज्ञान प्रत्यक्षासारखे स्फुट नसते आणि त्यावर मन विसावत नाही. तेव्हा अभिप्राय खरा आहे, निदान चुकीचे आहे. दोष संभावनाविरहाचा नसून स्फुटत्वाभावाचा आहे. याच उणिवेमुळे बाप-लेकीची पुढील भेटही, ती वस्तुतः हृदयद्रावक असतानाही, काहीशी घाईची वाटते.

डेनिस व्हिलन्यूव्ह यांचा 'अरायव्हल' (२०१६) हा उलट बाजूचा पुरावा होय. टेड चियांग यांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या कथेवर तो आधारलेला आहे. परग्रहवासीयांची लिपी शिकता शिकता भाषातज्ज्ञ नायिकेला काळ त्यांच्याप्रमाणे, भूत-भविष्य एकदम, दिसू लागतो, ही त्याची कल्पना. भाषा विचारावर काही प्रमाणात प्रभाव टाकते हे अभ्यासक मानतात. ती विचाराला पूर्णपणे बांधते हे कठोर मत आजच्या भाषाविज्ञानाला मान्य नाही, आणि त्याची जनमानसात सापेक्षतेसारखी प्रसिद्धीही नाही. म्हणजे येथे पुंजी तोकडी आहे. तरीही नायिकेच्या दुःखाविषयी 'पटले नाही' असे म्हणणारे विरळा. कारण चित्रपटाने आपली प्रसिद्धी स्वतःच हळूहळू तयार केली आहे. आरंभीच एका मुलीचा जन्म, आजार व मृत्यू दाखविला जातो. प्रेक्षक त्याला गतकाळ समजतो. लिपीचे वर्तुळाकार अक्षर पुनःपुन्हा दिसते. ती मुलगी अजून जन्मावयाची आहे हे जेव्हा उमगते, तेव्हा काळाची उलथापालथ प्रेक्षकाच्या स्वतःच्या अनुभवात आधीच घडून गेलेली असते. त्याला ती सांगावी लागत नाही. याच चित्रपटात भविष्यातील माहितीच्या आधारे चिनी सेनापतीला दूरध्वनी करून युद्ध टाळण्याचा प्रसंग आहे, आणि तो मात्र पुष्कळांना सोयीचा वाटतो. कल्पना तीच, आधार तोच. फरक इतकाच की एके ठिकाणी ती भावासाठी आली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी कथानकाची गाठ सोडविण्यासाठी.

५

मालिकेची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्याकडे दोन तासांऐवजी कित्येक वर्षे असतात. या दीर्घतेमुळे अप्रधानतेचे विघ्न तिच्या पाचवीलाच पुजलेले असते. उपकथानके वाढतात, पात्रे वाढतात, आणि मूळ स्थायी भाव कोणता याचाच विसर पडतो. 'फार ताणले' या तक्रारीचा अर्थ क्वचितच मिनिटांशी निगडित असतो; मन कोठे विसावावे ते कळत नाही, असाच तो बहुधा असतो. तथापि हीच दीर्घता मालिकेला एक सामर्थ्यही देते. प्रसिद्धी तयार करण्यास तिला भरपूर अवधी मिळतो. 'द एक्सपान्स' (२०१५–२०२२) या सहा पर्वांच्या, बासष्ट भागांच्या मालिकेत लघुग्रहांच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसांची भाषा निराळी, हावभाव निराळे. यानाचा वेग वाढत असतानाच त्यात वजन जाणवते, आणि थांबण्यासाठी यान अर्ध्या वाटेत उलटे फिरवावे लागते. हे नियम समजावून सांगण्याऐवजी रोजच्या जगण्याचा भाग म्हणून इतक्या वेळा दाखविले जातात, की पुढे एक परकीय द्रव्य ते सर्व मोडू लागते तेव्हा प्रेक्षकाला विस्मय वाटतो, अविश्वास वाटत नाही. विस्मय हा अद्भुताचा स्थायी. ज्या जगाचे नियम ठाऊक नाहीत त्यात विस्मयालाही जागा नसते, कारण तेथे काहीही घडू शकते.

प्रसिद्धीच्या या व्यवहारात एक जबाबदारीही दडलेली आहे, आणि ती 'चेर्नोबिल' मालिकेत उघडी पडते. २६ एप्रिल १९८६ ची दुर्घटना हे प्रख्यात वस्तूचे उदाहरण; तीत कर्त्यांनी उत्पाद्य अंश मिसळला. म्हणजे धनंजयाने 'दशरूपका'त सांगितलेली ही मिश्र वस्तू होय. युलाना खोम्यूक ही शास्त्रज्ञ स्त्री अनेक खऱ्या शास्त्रज्ञांची प्रतिनिधी म्हणून कल्पिलेली आहे, आणि मालिकेच्या शेवटी तसे नमूद केले आहे. परंतु अखेरच्या भागात शास्त्रज्ञ लेगासोव्ह न्यायालयात प्रदीर्घ साक्ष देतो. १९८७ च्या त्या खटल्यास प्रत्यक्षात तो उपस्थित नव्हता. रसदृष्ट्या हा प्रसंग मालिकेचा कळस आहे. सत्य बोलण्याची किंमत काय, हा तिचा विषय त्यात मूर्त होतो. पण 'अगदी खरे वाटले' असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाने कल्पिताला इतिहास समजून घरी नेलेले असते. प्राचीन नाटककारालाही रसाला अनुकूल असा बदल करण्याची मुभा होती. पण त्याच्या प्रेक्षकाला मूळ कथा ठाऊक असे. आजच्या अनेक प्रेक्षकांना मूळ कथा मालिकेतूनच प्रथम कळते. जी प्रसिद्धी उसनी घ्यावयाची तीच येथे मालिका निर्माण करीत असते. 'पटले नाही' हा अभिप्राय जसा तपासावा लागतो तसाच, किंबहुना अधिक कसोशीने, 'पटले' हा अभिप्रायही तपासला पाहिजे. विघ्नाचा अभाव हा सत्याचा पुरावा होत नाही.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येण्यासारखा आहे. रसविचार विघ्ननिवारणाचे शास्त्र सांगतो. उलट श्रेष्ठ विज्ञानपट प्रेक्षकाला स्वस्थ बसू देत नाही. परिचित जगाला अपरिचित करून विचारास प्रवृत्त करणे हे विज्ञानकथेचे वैशिष्ट्य होय, असे डार्को सुविन यांच्यासारखे अभ्यासक १९७० च्या दशकापासून सांगत आले आहेत. ज्या प्रकाराचा प्राणच संशय आहे त्याला संशययोग हे विघ्न मानणारे शास्त्र लावणे म्हणजे मापे चुकविणे नव्हे काय?

रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' (१९८२) या आक्षेपाचे सर्वांत बळकट उदाहरण म्हणून पुढे करता येईल. कृत्रिम मानवांना हुडकून मारणारा नायक स्वतःच कृत्रिम आहे की काय, ही शंका त्यात आहे. १९८२ च्या आवृत्तीत निवेदन व सुखद शेवट जोडून ती बोथट करण्यात आली होती. १९९२ च्या आवृत्तीत ती जोडणी काढून टाकण्यात आली व एकशिंगी घोड्याचे स्वप्न घालण्यात आले, तेव्हा शंका अधिक गडद झाली. २००७ च्या अंतिम आवृत्तीतही ती कायम आहे. संशय गडद झाला आणि चित्रपटाची प्रतिष्ठाही वाढली. मग संशय विघ्न कसा?

याचे उत्तर अभिनवगुप्ताच्या संशयविचारातच आहे. त्याचा मुद्दा असा की अनुभाव एकटा पाहिला तर तो कोणत्या भावाचा हे निश्चित होत नाही. आसवे दुःखाने येतील, आनंदाने येतील किंवा नेत्ररोगानेही येतील. विभाव व व्यभिचारी भाव यांच्याशी संयोग झाला म्हणजेच हा संदेह फिटतो. 'ब्लेड रनर'मध्ये कृत्रिम मानव ओळखण्यासाठी डोळ्याच्या बाहुलीची हालचाल मोजणारी एक परीक्षा आहे. म्हणजे अनुभाव खरा की खोटा, हाच त्या जगातील कायद्याचा प्रश्न आहे. आणि अखेरीस चार वर्षांचेच आयुष्य लाभलेला कृत्रिम मानव पावसात मरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरील पाणी पावसाचे की डोळ्यांतले, हे कोणत्याच परीक्षेला ठरविता येणार नाही. तरीही प्रेक्षकाला क्षणभरही शंका येत नाही. जवळ आलेला मृत्यू हा विभाव समोर आहे. ज्याने मारावयास यावे त्याचेच प्राण वाचविण्याची कृती समोर आहे. हा मनुष्य आहे काय, याविषयी संशय राहतो. याचा शोक खरा आहे काय, याविषयी राहत नाही.

तेव्हा संशयाचे दोन प्रकार मानावयास हवेत. वस्तूविषयीचा संशय हा कृतीचा विषय होऊ शकतो, आणि विज्ञानपटाने तो तसा करावा हेच त्याचे सामर्थ्य आहे. भावाविषयीचा संशय मात्र विघ्नच. 'लॉस्ट' (२००४–२०१०) या मालिकेच्या शेवटाने हाच भेद प्रेक्षकांच्या लक्षात आणून दिला. बेटावरील माणसे पहिल्यापासून मृतच होती, असा अनेकांचा समज झाला. तो कथेला धरून नव्हता. अखेरच्या नामावलीवर वाहिनीने दाखविलेल्या विमानाच्या अवशेषांच्या दृश्यांनी त्याला बळ मिळाले. पण ज्यांचा तसा समज झाला त्यांच्या दृष्टीने सहा पर्वांतील सर्व धडपड व शोक एका फटक्यात निराधार ठरला. तेथे वस्तूविषयीचा संशय भावापर्यंत झिरपला, आणि म्हणून 'फसविले' हा उद्गार निघाला. विज्ञानकथा विचारास प्रवृत्त करते हे खरेच. परंतु ज्याच्याविषयी काही वाटलेले नाही त्याच्याविषयी विचार करण्याचे कारण प्रेक्षकाला उरत नाही.

७

वरील चर्चेतून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. सहज अभिप्राय ही समीक्षा नव्हे. पण ती समीक्षेची कच्ची सामग्री आहे, आणि ती गोळा न करता लिहिलेली समीक्षा अनुभवाशी संबंध सोडते. विद्यार्थी रोज रात्री जे पाहतो, ज्याविषयी मित्रांशी वाद घालतो, त्याच्याशी वर्गात शिकविल्या जाणाऱ्या शास्त्राचा काही संबंध आहे असे त्याला वाटत नसेल, तर त्या शास्त्राची सूत्रे पाठ राहतील आणि ते शास्त्र मरेल. उलट 'पटले नाही' असे म्हटल्यावर क्षणभर थांबून कोणते विघ्न आले, असे त्याने स्वतःला विचारले तर एक हजार वर्षांपूर्वीची ती यादी त्याच्या हाती उपयुक्त हत्यार म्हणून येईल. कधी त्याला आढळेल की दोष कृतीचा नव्हता, त्याच्या हातातील फोनचा होता. कधी आढळेल की ज्याला विज्ञानाची चूक म्हटले ती अभिनयाच्या जागी आलेल्या भाषणबाजीची चूक होती. आणि कधी, जेथे काहीच अडले नव्हते तेथे, आपण कोणाच्या पुंजीवर विश्वास ठेवला याचा हिशेब मागावासा त्याला वाटेल. भरताने प्रेक्षकाचा उद्गार आणि प्राश्निकाचे परीक्षण एकाच अध्यायात ठेवले. ती दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत, हीच आजच्या शिक्षित प्रेक्षकाकडून असलेली अपेक्षा होय.